अर्जातला ‘हंबली’

ट्रंक आवरताना माझ्या पहिल्या नोकरीच्या अर्जाची कार्बन कॉपी सापडली. निळी अक्षरं फिकी झालीत, पण कागद नाकाशी धरला की तो मेणकट वास अजून येतो, आणि मी यवतमाळच्या कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली जाऊन उभी राहते.

साठ साल उजाडायचं होतं. मी नुकती मॅट्रिक झाले होते आणि मला मारेगावच्या शाळेत मास्तरीण व्हायचं होतं. अर्ज इंग्रजीत लागे. तो टाइप करून देत झाडाखाली बसणारे रहीमचाचा. त्यांचा प्रत्येक अर्ज ‘हंबली’नं सुरू होई, म्हणजे अगदी लीन होऊन विनंती की...

“हा शब्द काढा, चाचा. मी मॅट्रिक झाली, काम मांगून राह्यली. लीन कायले होऊ?”

“बेटी, वीस वर्षांपासून लिहून राह्यलो. याच्याबिगर साहेब कागद वाचत नाही.”

“नाही वाचला तं मी वाचून दाखवीन!”

चाचांनी कागद ओढून काढला आणि नवा चढवला. टाइप करताना एकदाही वर पाहिलं नाही. मला वाटलं, रागावले.

माझा अर्ज माझ्या हातात देऊन त्यांनी लगेच आणखी एक कागद चढवला. तो अर्ज त्यांचा स्वतःचा होता, त्याच झाडाखाली बसायची परवानगी पुन्हा मिळावी म्हणून. पहिल्याच ओळीत बोटं थांबली.

“बेटी, तो शब्द मी बी नाही लिवला तं चालते का?”

“चालते ना!” मी ठणकावून सांगितलं.

माझा अर्ज तेव्हा अजून माझ्याच हातात होता, साहेबापर्यंत पोचायचा होता.