आई बसते कुठे

सौंसरच्या बसस्टँडवर बाबांनी नागपूरच्या गाडीच्या खिडकीतून आधी आपला रुमाल आत टाकला आणि मग माझी बॅग. रुमाल पडला की जागा आपली, हा आमच्याकडचा कायदा. त्यातून बाबा शाळेत मास्तर, त्यामुळे अर्ध्या गाडीने त्यांचा रुमाल ओळखला असणार. मी जाऊन बसले. आई खाली उभी राहिली, खिडकीच्या गजाला धरून. नागपूरहून पुढे मला चंदीगडची रेल्वे पकडायची होती. चंदीगड कुठे आहे हे आईला नीट ठाऊक नव्हतं. तिथे आपलं कुणी नाही एवढंच तिला पक्कं कळलं होतं. तिने खिडकीतून हात घालून जामसांवलीच्या मारुतीचा शेंदूर माझ्या कपाळाला लावला आणि म्हणाली, "अन् उभ्यानं नको खात जाऊ. कितीही घाई असली तरी बसून खाय."

ती स्वतः ओट्याशी उभी राहून जेवायची. पण त्या दिवशी हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी नागपूरला आर्किटेक्चर शिकले होते, चंदीगडला एका मोठ्या माणसाच्या हाताखाली काम करायला निघाले होते आणि फार शहाणी झाले होते.

त्या मोठ्या माणसाला आम्ही सगळे सर म्हणायचो. पंचाहत्तरीच्या आसपासचे, उंच, वाकलेले, कानात कापूस. तरुणपणी त्यांनी त्याच शहराच्या बांधणीत ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढले, मग शिकवलं, मग थोडी घरं बांधली आणि एक पातळसं पुस्तक लिहिलं. आमच्या कॉलेजात त्या पुस्तकाची झेरॉक्स हातोहात फिरायची. सर आधुनिक. म्हणजे कमान नको, नक्षी नको, गिलावासुद्धा नको. वीट विटेसारखी दिसू द्या, काँक्रीट काँक्रीटसारखं. त्यांचं मुख्य म्हणणं मात्र वेगळंच होतं. घर भिंतीपासून सुरू होत नाही, असं ते म्हणायचे, ते बसलेल्या माणसापासून सुरू होतं. कागदावर आधी माणूस बसवा. त्याच्या पाठीला काय आहे, तोंडावर ऊन कुठून येतं, समोर काय दिसतं ते ठरवा. मग खिडकी आपोआप सुचते आणि भिंत सगळ्यात शेवटी. हे वाचून मी नागपूरच्या होस्टेलमध्ये अक्षरशः भारावून गेले होते.

चंदीगडात मला फार एकटं वाटलं. हे सरळच लिहिते, कारण त्या वर्षांत घरी फोनवर मी 'मजेत आहे' याखेरीज काहीही सांगितलेलं नाही. सौंसर-पांढुर्ण्याहून माझ्यासारखे जे निघाले, त्यांनीही हेच सांगितलं असेल. रस्ते सरळ, झाडं रांगेत, आणि पत्ता म्हणजे नुसते आकडे. मी एका कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, गच्चीवरच्या खोलीत राहायची. तिथे त्याला बरसाती म्हणतात. घरमालकीण आंटीजी दर आठ दिवसांनी विचारायच्या, "एम.पी. की हो, तो घर में मराठी क्यों बोलते हो?" आता ह्यांना काय सांगायचं? आमचे सरकारी कागद मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याचे, लग्नाच्या साड्या नागपूरच्या आणि भाषा आजीच्या माहेरची, असं म्हणून मी हसायची. पुढे पुण्याला एका लग्नात लोकांनी माझं मराठी ऐकून "हिंदी बेल्टमधली का तू?" विचारलं, तेव्हा मात्र हसू आलं नाही. ना घर का ना घाट का म्हणतात ते असं. राजमा-चावल आवडायला लागले, 'हांजी' तोंडात बसलं, थंडीत दस्ताने घालून स्कूटी चालवता येऊ लागली. पण रविवारी दुपारी चार वाजता त्या गच्चीवर मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसायची.

ऑफिसात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात सरांनी मला एक काम दिलं. नव्या माणसाला ते हेच द्यायचे. आपल्या घराचा नकाशा आठवणीने काढायचा आणि घरातलं प्रत्येक माणूस जिथे बसतं तिथे लाल पेन्सिलीने टिंब द्यायचं. कामाला बसणं धरायचं नाही. तांदूळ निवडायला, भाजी चिरायला, वाती वळायला बसणं म्हणजे बसणं नव्हे. हात रिकामे ठेवून माणूस कुठे बसतं, ते दाखवायचं.

मला वाटलं, हे तर सोपं आहे. पुढची खोली काढली, तिथे बाबांची लोखंडी खुर्ची, एक टिंब. दादा दिवाणावर, मोबाइल घेऊन, दुसरं टिंब. मी खिडकीच्या फळीवर. बाहेरच्या बाकड्यावर लोधीखेड्याहून संत्र्याच्या बागेची खबर घेऊन येणारा आमचा वाटेकरी. त्याचंही टिंब दिलं. मग स्वयंपाकघर काढलं, अंगण काढलं, विहीर काढली, आणि पेन्सिल थांबली.

सर मागे येऊन उभे होते. त्यांनी बराच वेळ कागद पाहिला.

"बेटा, तुम्हारी माँ कहाँ बैठती है?"

होस्टेलला जाईपर्यंत अठरा वर्षं त्या घरात काढली. कोणत्या पायरीचा कोपरा उडालाय ते मला ठाऊक होतं. आई कुठे बसते, ते ठाऊक नव्हतं. आमच्याकडे जामसांवलीचा मारुतीसुद्धा निवांत आडवा पडलेला असतो आणि लोक लांबून त्याच्या दर्शनाला येतात. आईला मात्र मी कधी टेकलेलं पाहिलं नव्हतं. संध्याकाळी फोन करून विचारलं.

"मी? मले बसाले टाइम कुठं हाये वो?" ती हसली. मग घाबरून म्हणाली, "कायले विचारून राहिली? तब्येत बरी आहे ना तुही?"

दुसऱ्या दिवशी सरांना हे सांगितलं. ते हसले नाहीत. फाळणीत ते आठ-नऊ वर्षांचे होते. लाहोरचं तीन मजली घर सोडून आले ते एका पत्र्याच्या ट्रंकेसह. छावणीत त्यांची आई दिवसभर त्या ट्रंकेवर बसून असायची, कारण उठली तर ट्रंक जाईल ही धास्ती. "ज्यांच्याकडे जुनं घर आहे त्यांनी कमानींबद्दल बोलावं," सर म्हणाले, "आम्हाला कोऱ्या कागदापासून सुरुवात करावी लागली." लोक त्यांच्या घरांना रुक्ष म्हणायचे, थंड म्हणायचे. त्या थंडपणाच्या तळाशी एक पत्र्याची ट्रंक आहे हे कुणाला माहीत असणार? त्यांनी बांधलेल्या प्रत्येक घरात भिंतीतून निघालेला एक दगडी कट्टा असे आणि त्याची उंची ठरलेली, अठरा इंच. ट्रंकेची उंची तेवढीच होती.

सर स्वतः एकटे राहत. पत्नी वारलेल्या, मुलगा कॅनडात. जेवताना टेबलाशी चार खुर्च्या आणि ते एका कडेला. मी कधीकधी तिथे जेवायला थांबायची. आम्ही फारसं बोलत नसू. त्या वर्षांतली ती सोबत मला सगळ्यात जास्त आठवते.

तीन वर्षांनी बाबांनी सौंसरचं घर दुरुस्तीला काढलं. कौलं उतरवून स्लॅब टाकायचा होता. "तूच काढ नकाशा," बाबा म्हणाले. मास्तरांच्या पोरीने काढलेला नकाशा आहे, असं त्यांना गावात सांगायचं होतं. मी पंधरा दिवसांची सुटी टाकून गेले. स्लॅब, जिना, संडास, सगळं त्यांच्या मनासारखं करून दिलं आणि एकच हट्ट धरला. स्वयंपाकघरात पूर्वेच्या खिडकीखाली आईसाठी कट्टा. सकाळचं ऊन पाठीला येईल, समोरच्या दारातून अंगणातलं संत्र्याचं झाड दिसेल. मी टेप घेऊन आईच्या गुडघ्याची उंची घ्यायला गेले तर ती लाजून पळालीच.

"मापं शिंप्याले देत असतात, मिस्त्रीले नाही!"

शेजारणीही खो खो हसल्या. मला राग आला. म्हटलं, राहू दे, उंची मला पाठ आहे. मिस्त्रीला अठरा इंच सांगितले आणि सुटी संपली म्हणून निघून आले.

दिवाळीला गेले तर कट्ट्यावर लोणच्याच्या बरण्या होत्या. एका रांगेत सात. लिंबाचं, मिरचीचं, आवळ्याचं. तोंडाला पांढरी फडकी बांधलेली.

"लय मस्त जागा केली तू," आई कौतुकाने म्हणाली. "सकाळभर ऊन राह्यते. लिंबू आठ दिवसांत मुरलं."

"आई, ते तुझ्यासाठी आहे. बसायला."

"बसली होती ना एक डाव. पाय लोंबते माहे."

आई बुटकी आहे. बसून करायची कामं आयुष्यभर तिने जमिनीवरच केलीत. आणि मी, माणसापासून सुरुवात करा हे तोंडपाठ असलेली, सरांच्या आईच्या मापाचा कट्टा माझ्या आईला बांधून दिला होता. मी चिडले. तिच्यावरच चिडले, हे कबूल करते. बरण्या उतरवून जमिनीवर ठेवल्या, तिला हाताला धरून कट्ट्यावर बसवलं, फोटो काढला. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. परीक्षेला बसल्यासारखी ती बसलीय. मी निघाले त्याच दिवशी बरण्या परत वर गेल्या असणार.

पुढच्या वर्षी सर गेले. मुलगा येऊन घर विकून गेला. मी चंदीगडातच दुसऱ्या ऑफिसात लागले, मग कॉलेजात शिकवू लागले, दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. आता मीही विद्यार्थ्यांना लाल पेन्सिल देते. आणि दर रविवारी चार वाजता घरी व्हिडिओ कॉल करते. हा कॉल म्हणजे माझा आठवड्याचा जीव. आई स्क्रीनवर आली की मी म्हणायची, "आई, ऊठ ना, झाड दाखव. बहार आला का?" ती फोन घेऊन अंगणात जायची. मग गच्ची दाखव, विहिरीत पाणी किती ते दाखव, पुढचा रस्ता दाखव, आमचा पांढुर्णा जिल्हा वेगळा झाल्यापासून काही बदललं का ते दाखव. अर्धा-पाऊण तास ती मला घरभर हिंडवायची. मी इथे गादीवर पाय पसरून चहा पीत घर पाहायची. फोन ठेवला की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

ह्या उन्हाळ्यात एका रविवारी फोन बाबांनी उचलला. आई हळदीकुंकवाला गेली होती. इकडचं तिकडचं झाल्यावर बाबा जरा घुटमळले. रिटायर झाल्यापासून ते दिवसभर घरात असतात, पूर्वी दिसत नव्हतं ते त्यांना दिसतं.

"एक सांगू काय तुले? रागवू नको."

"सांगा ना."

"तुही आई रविवारी तीनपासून आवरून राह्यते. पावणेचारले हातपाय धुते, पाट घेते अन् त्या तुह्या कट्ट्याले पाठ टेकून खाली बसते. हातात काई नाही. नुसती बसून राह्यते. हप्त्यातून तेवढीच बसते ती." ते थांबले. "अन् तुहा फोन आला का तू तिले उठवते."

बाबाच मग 'बरं, ठेवतो' म्हणाले.

किती वर्षं तो चेहरा मी पाहत होते, आणि त्याच्यामागे पांढरी फडकी बांधलेल्या बरण्या. दुसऱ्याच्या घराचा उभा छेद, म्हणजे काय किती उंचीवर आहे ते, मी एका नजरेत वाचते. माझ्या आईच्या डोक्यामागे बरण्या कशा आल्या, म्हणजे ती किती खाली बसली असेल, हे मला एकदाही सुचलं नाही. ती बसायची ते मला भेटायला, आणि मला घर पाहायची घाई असायची. मी खूप रडले.

आता मी झाड दाखव म्हणत नाही. विहिरीला पाणी किती, गच्चीचा रंग उडाला का, काहीच विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर घर आठवणीतून पुसट व्हायला लागलंय. त्या वाटेकऱ्याचं बाकडं आहे की गेलं, तेही मला ठाऊक नाही. सौंसरचं माझं घर आता स्क्रीनवर मावतं तेवढंच आहे. आईचा चेहरा, थोडी भिंत, दोन-तीन बरण्या. मी इकडे कॉलेजातल्या गोष्टी सांगत राहते, नाही सुचल्या तर बनवून सांगते, की ती तिथेच राहावी. मागच्या रविवारी मध्येच तिने गुडघ्यावर हात ठेवला आणि उठायला लागली. "थांब, मृगाचा बहार दाखवते तुले, लय फुलं आलीत," म्हणाली. मला पाहायची होती ती फुलं. फार पाहायची होती.

"राहू दे आई," मी म्हटलं. "तू बस."

आणि ती बसली.