प्रेमानंदानं दोन गावांना दिलेला शब्द

माझा दीर प्रेमानंद कळमन्याच्या बाजारात मिरचीची पोती वाहायचा. बाकीचे हमाल शिंकून बेजार व्हायचे आणि हा दोन खेपांच्या मधे उभ्या पोत्यावर ठेका धरायचा. संध्याकाळ झाली की ढोलक गळ्यात घालून गायन पार्टीबरोबर निघाला. भीमजयंतीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत आमच्याकडे गाण्याचा हंगाम. गावोगावी मांडव पडतात, दोन पार्ट्या समोरासमोर बसतात, सवाल-जवाब रंगतात. बाहेर चिमणी पडून मरेल असं ऊन, पण याला घरात चैन नाही. त्याची बायको मला म्हणायची, "वैनी, याचं लगन माह्यासंग काहून लावलं? ढोलकीसंगच लावून द्याले पाहिजे होतं." ती बिचारी गेली. ढोलक आहे.

आता बाजाराचं काम सुटलं, केस पिकले, तरी उन्हाळ्याची ही खोड सुटली नाही. यंदा मात्र त्याचं काही खरं दिसेना. कूलरसमोर बसायचा, घाम सुकायच्या आत उठायचा. ढोलकीच्या दोऱ्या ओढायचा, पुन्हा सैल करायचा. ताटावरून उठून दारात जायचा आणि रस्त्यावर कोणी नसताना रस्ता पाहून यायचा.

मी म्हटलं, "काहून असा फिरून राहिला गा? पायाले भिंगरी लागली काय?"

"काही नाही, वैनी."

पुरुष माणूस काही नाही म्हणाला की समजावं, मोठंच काही तरी आहे.

झालं होतं असं. उमरेडजवळच्या एका खेड्यात गोविंदा राहतो. तो गाणारा, हा वाजवणारा, जोडी जवानीपासूनची. गोविंदाच्या गावात बुद्धपौर्णिमेला मुकाबला असतोच. त्यानं फोन केला, "पुनवेले ये गा." हा म्हणाला, "येतो." मग काही दिवसांनी आमच्याच घरात राहणारी याची नात मेघा त्याच्याकडे आली. रामटेकला कॉलेजच्या पोरापोरींनी गाण्याचा महोत्सव भरवला होता आणि मेघा पहिल्यांदाच मोठ्या मंचावर एकटी गाणार होती. ती म्हणाली, "आबा, एक तारखेला. ढोलक तुम्हीच वाजवायची." हा म्हणाला, "वाजवतो ना."

एकानं तिथी सांगितली, दुसरीनं तारीख, आणि यानं दोन्हीकडे मान हलवली. आमच्या पिढीचं असंच आहे. आमचं जन्मणं-मरणं पुनव-अवसेवर लक्षात राहतं आणि पोरांचं सगळं तारखेवर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाची खूण करायला गेले, तर एक मेच्या चौकोनातच पुनवेचा गोल चांद.

"प्रेमानंद, इकडे ये. हे पाह्य."

तो जागचा हलला नाही. "पाह्यलं मी. परवाच पाह्यलं."

"मंग कोणाले नाही म्हणतं?"

तो खाली बसला. "गोविंद्याचा दम आता पुरत नाही, वैनी. ओळीच्या शेवटी आवाज तुटते. मी तेथं थाप भरतो, लोकायले वाटते गाण्यातच तसं हाय. दुसरा कोणी वाजवाले बसला तं साऱ्या गावासमोर फजिती होईल त्याची."

"अन् मेघा?"

"ते तं आपलीच हाय."

"आपली हाय म्हणून तिले वाऱ्यावर सोडाचं?"

उठला, दारापर्यंत गेला, परत आला. असं रात्रीपर्यंत चाललं. सकाळी म्हणाला, "पोरीचं पहिलं गाणं हाय. गोविंद्याले नाही सांगून येतो."

आता या गाण्यावाल्यांची एक रीत आहे. होकार फोनवर चालतो, नकार मात्र समोर जाऊन द्यावा लागतो. आणि ज्याच्या दारी नकार द्यायला गेलात, त्याच्या घरचं पाणीसुद्धा आधी प्यायचं नाही. प्यायलात तर यायचं कबूल. मीही सोबत निघाले. हा एकटा गेला असता तर नकार जसाच्या तसा खिशात घेऊन परत आला असता.

त्यानं खिशात आणि मी पदरात कांदे घेतले होते, उन्हाची लू लागू नये म्हणून. एसटीचा पत्रा असा तापलेला की खिडकीला हात लावायची सोय नाही. उतरून गोविंदाच्या घरापर्यंत चालत गेलो, तोवर माझ्याच जिभेचं लाकूड झालं होतं.

गोविंदा ओट्यावरूनच ओरडला, "आला काय बे ढोलक्या! अन् वैनी बी? आता तं आपण जिंकलोच!"

प्रेमानंद उभाच राहिला. "गोविंदा, ऐक..." एवढं म्हणाला आणि घसा चिकटला. खोकला आला, तो थांबेना. गोविंदाची बायको शोभाताई आतून माठातल्या पाण्याचा गडवा घेऊन धावत आली.

"आधी पाणी घ्या ना भाऊजी. तोंड पाहा कसं सुकलं!"

प्रेमानंदानं माझ्याकडे पाहिलं. मी निंबाच्या झाडाकडे पाहिलं. मग नुसता घटघट आवाज ऐकू आला, गडवा रिकामा होईस्तोवर.

गोविंदा लगेच नवीन गाणं ऐकवायला बसला. ओळ शेवटाला आली आणि आवाज तुटला. तो हसला. "हे असं होते. पण तू असला की फिकीर नाही."

झालं. परतीच्या एसटीत हा म्हणाला, "वैनी, काही तरी बोल ना."

"काय बोलू? रामटेकले ढोलक मी वाजवू काय?"

घरी मेघा कूलरमध्ये पाणी टाकत होती. यानं काही लपवलं नाही, सगळं सांगितलं. तिनं बादली खाली ठेवली.

"पाणी प्याले म्हणून? आबा, या घरातला माठ रोज कोण भरते?"

यानं माठाकडे पाहिलं.

"एका गडव्यावरच ठरत होतं, तर मीही दिला असता भरून."

"तुह्या आवाजाले कोणाची गरज नाही, बाई. त्याले हाय."

"हे तुम्ही ठरवलं. मला कुठं विचारलं?"

पुनवेच्या दिवशी तो सकाळीच ढोलक घेऊन निघाला. निघताना तीनदा मागे फिरला. कधी चष्मा राहिला म्हणे, कधी रुमाल. मेघा बाहेर आली नाही.

रामटेकला तिच्यासोबत मी गेले. तिच्या वर्गातला हर्षित ढोलकीवर बसला. पोरगा चांगला, हातही साफ. पण मेघा घरी आजोबासोबत गायलेली. ओळ संपताना थांबायची तिला सवय, तिथं आबाची थाप पडायची. पहिल्या ओळीला ती तशीच थांबली. हर्षितला काय माहीत? ती जागा रिकामीच राहिली. मांडवात नुसता पंख्यांचा घरघराट. तिनं मंचावरून माझ्याकडे पाहिलं. माझे हात पदरात घट्ट धरलेले, दुसरं काय करणार?

दुसऱ्या ओळीला ती थांबली नाही. तशीच ओढत पुढे गेली, तिसरी, चौथी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली उतरल्यावर मी म्हटलं, "मस्त झालं वं." ती म्हणाली, "चला, बस निघून जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमानंद आला. ढोलक अजून खांद्यावरच. "गोविंद्याची लाज राह्यली, वैनी. इकडे काय झालं?"

"पहिल्या ओळीले तुह्यासाठी जागा सोडली होती तिनं. मंग नाही सोडली."

त्यानं ढोलक भिंतीला टेकवली आणि मेघाच्या खोलीसमोर अंगणात जाऊन उभा राहिला. दार आतून बंद.

"मेघा."

"झोपली आहे मी."

"झोपलेलं माणूस बोलते काय वं?"

"बोलते. अन् दिलेला शब्दही पाळते."

"मंग मी उभा राहतो इथंच."

"राहा. थोड्या वेळानं ऊन येते तिथं."

ऊन आलं. मी दोनदा चहाला हाक मारली. तो हलला नाही आणि कडीही निघाली नाही. पण बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "डोक्याला काही बांधलं तरी आहे काय?"