गर न लावलेल्या पपया

सायखेड्याच्या उज्वलाची पपई टिकते, हे नाशिकरोडच्या रविवारच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. पावसाळ्यात पपईला देठाशी बुरशी धरते आणि फळ बघता बघता काळं पडतं. उज्वला पपया गरम पाण्यातून काढायची, निथळवायची, कोरफडीच्या गरात लवंगेचं तेल घुसळून त्याचा पातळ थर द्यायची आणि सावलीत वाळवायची. एका प्रशिक्षणात ऐकलेलं हे काम कितीतरी फळं नासवून तिला जमलं होतं. गिऱ्हाइकांना ती मोठ्या अभिमानानं सांगे, "आमच्या मालाला औषध नाय, झाडपाल्याचाच गर हाय."

श्रावणात घरी पुतण्याचं बारसं निघालं. पाहुण्यांच्या गडबडीत कोरफड कापायला सवड झाली नाही. उज्वलानं पपया नुसत्या पुसल्या आणि चमक यावी म्हणून खोबरेल तेलाचा हात फिरवला.

"लोकांना सांग मग, या खेपेला गर नाय म्हणून," तिचा नवरा गोरक्ष म्हणाला.

"कुणाला कळतंय," ती म्हणाली.

त्या रविवारी चांगुणामावशी आल्या. या निवृत्त शिक्षिका जवळच्याच वसाहतीत राहायच्या आणि तिच्या जुन्या गिऱ्हाईक होत्या. पौर्णिमेला बुद्धविहारात वाटायला त्यांनी बऱ्याच पपया घेतल्या.

"तोवर राहतील ना?"

"राहत्यात की, मावशी."

पुढच्या रविवारी मावशी सकाळीच आल्या. त्या भांडतील म्हणून उज्वलानं उत्तर जुळवून ठेवलं होतं. मावशी म्हणाल्या, "अगं, माझंच चुकलं. पपया पिशवीतच राहिल्या. विहारात कापल्या तर आतून काळ्या. सगळ्यांसमोर ओशाळले मी. कशा ठेवायच्या, ते नीट सांग बाई."

उज्वलाच्या तोंडून निघून गेलं, "ओल धरली आसंल पिशवीत."

मावशींनी मान डोलावली आणि आणखी दोन पपया घेतल्या. त्या गर लावलेल्या होत्या. त्या टिकणार, आणि चूक आपलीच होती अशी मावशींची खात्री पटणार, हे उज्वलाच्या लक्षात आलं. मग तिला कुणाच्या नजरेला नजर देववेना. काट्याकडे बघतच ती माल देत राहिली. शेवटी तिनं शेजारणीला गाळा सांभाळायला सांगितलं आणि मावशींचं घर गाठलं.

दारातच उभं राहून तिनं सगळं सांगितलं.

मावशींनी विचारलं, "आणि सकाळी मी विचारलं तेव्हा?"

"खोटं बोलले."

"मी विहारात सगळ्यांची माफी मागितली, उज्वला. आता हे तिथं तूच येऊन सांग."

पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर उज्वला विहारात उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं. मागून एक बाई शांतपणे म्हणाली, "मग इतर वेळी तरी गरच असतो कशावरून?" इतकी मेहनत करून जमवलेलं कामही आता लोकांना खोटं वाटत होतं, आणि ते तिनंच तसं केलं होतं.

वसाहतीतल्या बऱ्याच जणी तिच्याकडे यायच्या थांबल्या. मावशी अजून येतात. पूर्वी त्या गप्पा मारत पिशवी पुढे करायच्या, पपया उज्वलाच निवडून भरायची. आता त्या एकेक फळ उचलतात, देठाशी अंगठ्यानं दाबतात, वास घेतात. उज्वला मान खाली घालून थांबते.