रांगेत उभी ती हजर

सन १९४५, माघातला सोमवार. परंड्याची मुलींची शाळा, सकाळची कवायत. हजर: तांबोळ्याची, शिंप्याच्या दोघी, कोष्ट्याची, काझींच्या तिघी, तेल्याची. गैरहजर: धनगराची.

धनगराची माझ्यापासून दहा पावलांवर, लिंबाच्या पारावर बसली होती.

लहानपणी ताप येऊन तिचा डावा पाय वाळला होता. मेंढरांमागं चालता येईना, म्हणून बापानं तिला शाळेत घातली. रोज पाठीवर आणून सोडायचा. हजेरी कवायतीच्या रांगेतच घ्यायची, हा आमच्याकडचा शिरस्ता. रांगेत उभी ती हजर. पटावर रकाना कोरा राहिलेला मला खपत नसे. तिच्यापुढं मी रोज गैरहजेरीची फुली मारायची. दिवसभर वर्गात शिकतेच आहे, फुलीनं काय होतंय, असं वाटायचं.

तिला लेझीम हवी होती. "बाई, बसून हलीवते की."

"ती उठली की लंगडी कोंबडी दिसती," शिंप्याची थोरली म्हणाली.

"आन् तू लेझीम धरली की म्हस माशा हाकलती!" धनगराची पारावरून म्हणाली.

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि लेझीम दिली नाही. साहेब शाळा तपासायला येणार होते, रांग सरळ दिसायला हवी होती.

साहेबांनी रांगेकडं बघितलंही नाही. पट उघडला. "ही मुलगी इतके महिने गैरहजर आहे. नाव कशाला ठेवलंय?"

"साहेब, रोज येते. ती काय, तिथं बसलीय."

त्यांनी पट माझ्याकडं फिरवला. "मग या फुल्या कुणाच्या?"

मोठ्या बाईंनी लाल शाईनं नाव कमी केलं.

दुसऱ्या दिवशी बाप तिला पाठीवर घेऊन दारात उभा. "बाई, रोज ह्या पाठीवर आणतुय न्हवं? मग गैरहाजर कशी वो?"

पाठीवरून ती म्हणाली, "बाई, म्या हुबी राहते. भिंतीला धरून राहते."

मी तालुक्याला अर्ज केला: मुलगी पायानं अधू आहे, नाव परत घ्यावं. परत आला. दुसरा केला, तोही परत आला. पटाप्रमाणे मुलगी येतच नव्हती, असा शेरा. मोठ्या बाई म्हणाल्या, "आपल्याच फुल्या खोट्या म्हणून लिहून द्याल? नोकरी राहील का?"

तिसरा अर्ज लिहायला घेतला. रोज एक ओळ लिहायची आणि खोडायची. फाल्गुनात त्यांची मेंढरं चाऱ्यासाठी खालच्या मुलखात निघाली. तट्टावर, बिऱ्हाडाच्या गाठोड्यांमधी ती बसली होती. माझ्याकडं बघितलं नाही.

पुढं राज्य बदललं, माझी शाळाही बदलली. रोजच्या कामांची यादी मी अजून करते, आणि झालेलं काम खोडते. तो अर्ज पेटीत तसाच आहे. फुल्या खोट्या होत्या, एवढं एक वाक्य त्यात लिहायचं राहिलं आहे.