मूठ नाही, माझा हात सरकत होता

मंडळी, हा कागद क्लबच्या फळ्यावर मुद्दाम लावतोय, कारण सकाळी चांदमारीवर तुम्ही सगळे होतात.

लढाईमुळे काडतुसं मिळत नाहीत आणि माझी पाच वाया गेली. पिस्तूल हातातून सरकत होतं. त्याची लाकडी मूठ करून देणारे रामभाऊ सुतार तिथंच होते; मी त्यांच्यावर खेकसलो, “कसली मूठ तासलीत ही?”

त्यांनी माझा तळहात हुंगला. “सायेब, मूठ न्हाई, तुमचा हात सरकतोय. खोबरेल चोळलंय न्हवं?”

चोळलं होतं. नगरच्या या कोरड्या वाऱ्यात हात फुटतात, म्हणून रोज चोळतो. त्यांनी राखेनं हात धुवायला लावले. पुढची गोळी बरोबर मधोमध!

मी माफी मागितली, पण तुम्ही सगळे गेल्यावर. ओरडलो मात्र चारचौघांत.

रामभाऊंना वाचता येत नाही. कुणीतरी त्यांना हे मोठ्यानं वाचून दाखवाल का? सगळ्यांसमोर?