हरकतबाईंची वही

हरकतबाईंनी स्वतःच्या नावाने एक तरी ऑनलाइन अर्ज भरला होता की नाही, कोण जाणे. दुसऱ्यांच्या नावाने मात्र त्यांनी शेकडो भरले, आणि तेही मुद्दाम अडचणीत आणणारे. आमचं ऑफिस चंद्रपुरात, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. शाळा, वसतिगृहं, लहानमोठ्या संस्था यांचे वेबसाइटवरचे फॉर्म आम्ही बनवत असू. आम्ही कोड लिहायचो आणि बाई तो तपासायच्या. "माही हरकत आहे," हे वाक्य दिवसातून इतक्यांदा कानावर पडे, की त्यांचं खरं नाव ऑफिसात कुणी घेतच नसे.

बाई पन्नाशीच्या. टाइपरायटरवर सुरुवात करून कॉम्प्युटरपर्यंत पोचलेल्या. मी नवा कोरा इंजिनिअर, त्यामुळे मला थोडं जास्तच कळत होतं. पहिल्या दिवशी मी त्यांना मॅडम म्हटलं, तर म्हणाल्या, "मॅडम काऊन म्हणतो? बाई म्हण. मॅडम म्हटलं की मले मांगं वळून पाहा लागते." सगळे हसले, मीही हसलो, आणि तेव्हापासून त्या माझ्याही बाई झाल्या.

त्यांच्याजवळ लाल पुठ्ठ्याची एक जाड वही असायची. एका पानावर एक माणूस. आडनावच न लावणारा कोरचीकडचा म्हातारा. जन्मतारीख विचारली तर 'मोठा पूर आला त्या सालची' असं सांगणारी आजी. घरांना नंबरच नसलेल्या टोल्यावरचा, म्हणजे वाडीवरचा, मजूर. ही सगळी खरी माणसं, बाईंनी एसटीत, बाजारात, नातेवाइकांकडे भेटून टिपून ठेवलेली. नवा फॉर्म तयार झाला की बाई वही उघडायच्या आणि एकेकाला त्यात घालून पाहायच्या. कुणी अडलं की आमच्याकडे वळायच्या. "हा माणूस आत नाई येऊन राह्यला. काऊन? त्याचं काय चुकलं?" आम्ही म्हणायचो, बाई, अशी माणसं हजारात एखादं. त्या म्हणायच्या, "त्या एकाले जाऊन सांग मंग."

मला त्या काळात तयार मॉड्यूलचं भारी वेड होतं. दुसऱ्या कुणी तरी लिहून नेटवर ठेवलेले कोडचे तुकडे. एक तुकडा टाइप केलेली मराठी अक्षरं आकड्यांत बदलून सुखरूप पलीकडे पोचवतो, दुसरा भरलेली माहिती बरोबर आहे का ते तपासतो. आपण चार ओळींत ते जोडायचे, की काम फत्ते. बाईंना त्यात काही वावगं वाटत नसे. त्यांचे वडील गावच्या तलावात मासे धरायचे. "बाबा पयले जाळं घरीच विणे," त्या सांगायच्या. "मंग बजारातलं तयार आणू लागला. पण पाण्यात टाकायच्या आंधी त्याची भोकं बोटानं मोजे. विणणाऱ्यानं आपला तलाव कुठी पाह्यला, बाबू?" हे मी इतक्यांदा ऐकलं होतं, की ऐकणंच सोडून दिलं होतं.

त्या वर्षी मुलींच्या एका वसतिगृहाचा प्रवेशअर्ज माझ्याकडे आला. गडचिरोलीच्या आतल्या गावांतल्या मुलींसाठी आठवीपासून पुढची सोय होती. बाईंनी आपल्या माहेरच्या गावात स्वतः निरोप पाठवून पाच मुलींना अर्ज करायला सांगितलं होतं. पण फॉर्म तयार व्हायला आणि भाताची रोवणी यायला एकच गाठ पडली. भावाच्या शेतावर बाईंना जाणं भाग होतं. जाताना त्यांनी वही माझ्या टेबलावर ठेवली. "मी येईपर्यंत फॉर्म सोडू नको. नाईच जमलं, तर एकएक पान टाकून पाह्य."

चौथ्याच दिवशी साहेबांनी विचारलं, "झालं का तपासून? बाईंची वही घातली?" मी म्हणालो, "हो." वही तशीच पडून होती. तयार मॉड्यूल जगभर चालतात, ते गडचिरोलीत का चालणार नाहीत, असं मला मनापासून वाटत होतं. फॉर्म त्याच दुपारी सुरू झाला.

बाई रोवणीहून परतल्या त्याच दिवशी प्रवेशाची यादी लागली आणि त्यांना माहेरच्या गावाहून फोन आला. पाच मुलींनी अर्ज भरले होते, पाचही जणींना 'अर्ज मिळाला' असं स्क्रीनवर दिसलं होतं. यादीत एकच नाव होतं, आणि मुदत संपून जागा भरल्या होत्या. कारण शोधायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. त्या गावात नेटवर्क फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर येतं, तिथे दुकान चालवणाऱ्या एका बाईचा एकच मोबाइल, आणि सगळा गाव तोच नंबर देतो. माझं मॉड्यूल तोच नंबर पुन्हा आला, की तोच माणूस आपली चूक दुरुस्त करतोय असं समजायचं. जुना अर्ज पुसायचा, नवा ठेवायचा. पाचव्या मुलीने आधीच्या चौघींना पुसलं होतं, आणि तिला ते कधी कळणारही नव्हतं.

बाईंच्या नखांत अजून रोवणीचा चिखल होता. त्यांनी वही उघडली, एक पान काढलं आणि माझ्यासमोर धरलं. त्यावर लिहिलं होतं : एक फोन, सगळा गाव. खाली तो नंबरही होता. "हे पान टाकलं होतं का तू?"

वसतिगृहाच्या संस्थेने विचारलं, तपासणी कुणी केली. बाई उठून साहेबांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, तपासणी माझी, ती सोडून मी रोवणीले गेली. मी दाराबाहेर उभा होतो. आत जाऊन खरं सांगायला पाच पावलं पुरली असती. मी गेलो नाही. या गोष्टीची लाज मला आजही वाटते, आणि वाटत राहावी असंच वाटतं.

महिना संपताना बाईंना नारळ मिळाला. त्या निघताना मी कसंबसं विचारलं, "बाई, मला का वाचवलं?"

"तुले वाचवून नाई राह्यली मी," त्या म्हणाल्या. "तुलेबी काढलं असतं, तर वही कोण वाचीन?" ती त्यांनी माझ्या हातात दिली. "मांगं कोरी पानं आहेत."

पुढच्या वर्षी तो फॉर्म मी नव्याने लिहिला. वहीतलं प्रत्येक पान घालून पाहिलं. मागच्या वर्षी पुसल्या गेलेल्या चौघींपैकी तिघींचे अर्ज त्या नंबरावरून आले आणि तिन्ही टिकले. चौथीच्या, मंजुळाच्या, अर्जाची वाट मी शेवटच्या दिवसापर्यंत पाहिली, मग पाळीवरच्या दुकानात फोन लावला.

"मंजुळा? ते आता इथी नाई राहत जी," दुकानवाल्या बाई म्हणाल्या. "आपल्या मायसंगं तेलंगणात मिरची तोडाले गेली. शाळा सुटली तिची मागच्या सालीच."

वहीच्या पहिल्या कोऱ्या पानावर मी मंजुळाचं नाव, गाव आणि तो नंबर लिहिला. आता कुठलाही फॉर्म तयार झाला, की पहिला अर्ज मी तिच्या नावाने भरतो. दर वेळी स्क्रीनवर येतं : अर्ज मिळाला.