एकोणिसाव्या गुणसूत्राच्या बाई

"सांगू नगं, दाव."

असं म्हणताना बाई उजवा तळहात समोरच्यापुढे उघडा धरायच्या. जणू पुरावा म्हणजे फुटाणे, आणि ते आत्ताच्या आत्ता हातावर पडायला हवेत. नारायणगावात एस.टी. स्टँडच्या मागे माझी रक्त तपासायची छोटी लॅब आहे. तिच्या दारातल्या खुर्चीत सुती पातळ नेसून, पायात पुरुषी बूट घालून बसलेली म्हातारी तुम्हीही पाहिली असेल. कदाचित तिची बोलणीही खाल्ली असतील.

बाई निमगाव सावाकडच्या मेंढपाळ घरातल्या. शिकल्या आणि पुण्यात संशोधनाला लागल्या. पेशीच्या अंगावर जी प्रथिनं असतात, त्यांची जनुकं माणसाच्या कोणकोणत्या गुणसूत्रावर बसली आहेत ते शोधायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी माणसाची पेशी उंदराच्या पेशीत मिसळायची. ती वाढता वाढता तिच्यातली माणसाची गुणसूत्रं एकेक करून गळतात. कोणतं गळालं की कोणतं प्रथिन नाहीसं होतं, ते बघत बसायचं. वडलांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजी आमचंच काम की! घंटी कुटली थांबली त्यावरनं मेंढरू कुटलं गेलं ते वळखायचं." बाईंना हे इतकं आवडलं की पुढे कॉलेजात त्या असंच शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर गावाकडे परतल्या आणि दिवसभर माझ्या लॅबच्या दारात बसू लागल्या.

लग्न केलं नाही. कारण विचारलं की म्हणायच्या, "सवड न्हाई झाली." आणि असं बघायच्या की पुन्हा कोणी विचारत नसे.

त्यांच्या भावकीतल्या दत्ताचं बाळ काविळीनं आजारी पडलं, तेव्हा तिघांचं रक्त माझ्याकडे आलं. दत्ता ओ, त्याची बायको मनीषा ओ, आणि बाळ बी. दत्ताच्या चुलत्याला एवढं ठाऊक होतं की आईबाप दोघं ओ असले की पोर बी निघत नाही. झालं! चार दिवसांत वस्तीभर कुजबुज झाली आणि सासूनं बाळासकट मनीषाला मढला माहेरी धाडलं. दत्ता मूग गिळून बसला.

बाई ऐकून ताडकन उठल्या. मनीषाच्या बापाला फोन लावून पहिलाच प्रश्न केला, "तुमचं आन बायकूचं लगनाआधीचं नातं काय?"

"मामाचीच पोर केली व्हती, बाई."

"लॅबवाल्या," माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "मनीषाचं रगत परत आन."

मग त्यांनी मला समजावलं, ते तुम्हालाही सांगतो. रक्ताच्या पेशीवर ए किंवा बी अशी खूण चढायला खाली आधी एक पाया लागतो. खुणेचं जनुक नवव्या गुणसूत्रावर आणि पायाचं एकोणिसाव्यावर. पायाचं जनुक आईकडूनही बिघडलेलं आलं आणि बापाकडूनही, तर खूण असून चढत नाही आणि नेहमीच्या तपासणीत रक्त ओ दिसतं. मामाची मुलगी करायच्या आपल्या रिवाजात एकाच आजोळचा जुना बिघाड असा दोन्हीकडून येऊन भेटू शकतो. बाळाला आईकडून बी मिळालं, बापाकडून धड पाया मिळाला. म्हणून ते बी. मनीषाचं सगळं खरं होतं.

हे लॅबमध्ये सिद्ध करून बाईंचं भागलं नाही. त्यांनी बिरोबाच्या देवळात भावकी बोलावली, मढहून मनीषाला आणवलं आणि माझ्याकडून पांढरी फरशी, सुया, नळ्या सगळं उचलून नेलं.

सासू कडाडली, "तुमचं लगीन न्हाई, लेकरू न्हाई. घरादारातलं तुमाला काय कळतंय?"

"म्हनूनच मला कुनाच्या घराचं भ्या न्हाई," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चुलत्याचंच बोट धरलं. "तू ओ हायेस ना? आन हिकडं."

सुई टोचताच चुलता ओरडला आणि बायका पदराआड हसल्या. त्याच्या रक्ताचे दोन थेंब बाईंनी फरशीवर ठेवले. एकात दत्ताच्या रक्तातून वेगळं काढलेलं पिवळसर पाणी मिसळलं. काही झालं नाही. ओ रक्ताला ओचं वावडं नसतं. दुसऱ्यात मनीषाचं मिसळलं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लाल गुठळ्या झाल्या. नुसती ओ असती तर झाल्या नसत्या; ज्या रक्तात पायाच नाही, त्यालाच ओ रक्तातला पाया परका वाटतो.

सासरा घसा खाकरून म्हणाला, "जा रं दत्ता, तिला गाडीत बसीव."

"मी न्हाई येत," मनीषा म्हणाली.

ती बाळाला घेऊन खांबापाशी उभी होती. आवाज चढवला नाही. "पयल्याच दिशी मी सांगितलं व्हतं. तवा कुनी ऐकलं न्हाई. आज फरशीचं ऐकताय. गुठळी झाली नसती, तर मी खोटीच का?"

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी फरशी धुतली, पिशवीत घातली आणि म्हणाल्या, "पोरीचं बराबर हाय. रगताच्या आधी हिला इचारायचं." मग तिचा हात धरून तिच्याबरोबर मढच्या गाडीत बसल्या. बाईंचा मला त्या दिवसाइतका अभिमान कधी वाटला नाही.

सासूला मढला जावं लागलं. ती दोनदा रिकाम्या हातांनी परतली. तिसऱ्या खेपेला तिनं माहेरच्या सगळ्यांसमोर चूक कबूल केली, तेव्हा मनीषा आली.

गेल्या वर्षी बाई गेल्या. तिरडी उचलताना मनीषा पोराला कडेवर घेऊन पुढे आली आणि म्हणाली, "एक खांदा माझा."

"बाईमानसं खांदा देत न्हाईत," चुलता पुटपुटला. मनीषा जागची हलली नाही.

मग गर्दीतून सासू पुढे झाली. कोणाकडे न बघता तिनं सुनेच्या कडेवरचं पोर उचलून आपल्या कडेवर घेतलं.